म्हशींच्या गोठ्यातली विजेची गाडी

आईचा फोन आला तेव्हा मी नववीचा तास संपवून वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. शाळेच्या वेळेत आई कधी फोन करत नाही, त्यामुळं पुढच्या तासाला न जाता आधी फोन घेतला.

"तुझ्या अण्णांनी गाडी घेतली," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. अण्णांची जुनी स्कूटर वाशीच्या बाजारापर्यंतसुद्धा भरवशाची राहिली नव्हती. कुणाची तरी वापरलेली छोटी गाडी मिळाली असेल असं मी धरून चालले. "बरं झालं की," म्हणाले.

आई म्हणाली, "तू येऊन बघ. मी काय सांगू तुला? म्हशी बाहेर बांधल्यात."

गाडीचा आणि म्हशींचा काय संबंध, ते रविवारी धाराशिवहून शेतावर गेले तेव्हा कळलं. गोठ्याच्या पत्र्याखाली, जिथं दोन म्हशी बांधलेल्या असायच्या तिथं, गडद हिरव्या रंगाची एक लांबलचक गाडी जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी उभी होती. खाली शेण सारवलेलं, वर पत्रा, भिंतीला खुंटीवर दावी, आणि मधे ही. अण्णा जवळ गेले तसे तिच्या दाराचे चपटे दांडे आपोआप बाहेर आले. आतल्या खुर्च्या खाऱ्या बिस्किटाच्या रंगाच्या. छत काचेचं. मधोमध टीव्हीएवढा पडदा.

"ही ग्रँड टूरर हाय," अण्णा म्हणाले. "लांबच्या प्रवासाची गाडी. पूर्ण विजेवर. तीन-चार सेकंदांत शंभरचा वेग घेती."

"अण्णा, आपल्या शेतातनं डांबरी रस्त्याला लागायलाच पंधरा मिनिटं लागतात."

"ते रस्त्याचं झालं. मी गाडीचं सांगतोय."

"आणि लांब कुठं जायचंय तुम्हाला?"

"जाऊ की," ते म्हणाले आणि फडक्यानं बॉनेट पुसायला लागले.

माझे वडील तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी हयातभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि शेवटी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. खडूचा तुकडा नखाएवढा होईपर्यंत वापरणारा माणूस. लहानपणी खोलीतून बाहेर येताना दिवा चालू राहिला तर जेवणावरून उठवून आम्हाला दिवा बंद करायला पाठवायचे. आमची काही जमीन रस्त्यात गेली आणि तिचे पैसे आले, तेव्हा मी आणि धाकट्या भावानं त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सुचवल्या होत्या. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करू, घराचा स्लॅब गळतोय तो बघू. आईचे गुडघे त्यांनी लगेच करून घेतले. स्लॅबही केला. मग हवापालट म्हणून भावाकडं पुण्याला गेले आणि हे करून आले.

मी तिथूनच भावाला फोन लावला. "तू कुठं होतास?"

"शेजारी बसलो होतो, ताई."

"आणि काय केलंस?"

"अगं, मी त्यांना चार साध्या गाड्या दाखवल्या. प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचे. आजूबाजूचं पडद्यावर किती दिसतं? मधे काही आलं तर आपोआप थांबते का? या गाडीत सगळंच होतं. मग ऐकेनात. पैसे त्यांचे, गाडी त्यांची, मी काय बोलणार?"

तो मुळातच असा आहे. त्याचं सगळं बोलणं 'मी काय बोलणार' इथं संपतं.

त्यानंतरचे काही महिने माझ्या आयुष्यातला प्रत्येक रविवार त्या गाडीनं खाल्ला. कंपनीचा माणूस पुण्याहून चार्जर बसवायला आला, मीटरजवळ उभा राहिला, म्हणाला, "काका, इथं अर्थिंगच नाही," आणि परत गेला. अण्णांना तो स्वतःचा अपमान वाटला. तीस वर्षं दहावीला वीज शिकवलेल्या माणसाच्या घरात अर्थिंग नाही! त्यांनी बोअरशेजारी माणूसभर खोल खड्डा खणून घेतला, त्यात तांब्याची पट्टी सोडली, कोळसा आणि मीठ थरावर थर घातले. वर रोज बादलीभर पाणी. आई चिडायची. "मोगऱ्याला तांब्याभर पाणी घाला म्हटलं तर ह्यांची कंबर दुखती."

चार्जर बसला. पण संध्याकाळी आजूबाजूच्या शेतातल्या मोटारी चालू झाल्या की विजेचा दाब पडायचा आणि गाडी चार्ज होणं बंद. तसा निरोप ती अण्णांच्या फोनवर पाठवायची. अण्णा ताटावरून उठून गोठ्यात जायचे, वायर काढायचे, परत लावायचे. निरोप परत यायचा. मी म्हणायचे, "अण्णा, म्हशी बऱ्या होत्या. ओरडून सांगायच्या, एवढं उठवायच्या नाहीत." ते हसायचे नाहीत.

बघायला माणसं यायची. वाशीहून, ईटहून, पार जळकोटहून अण्णांचे जुने विद्यार्थी आले. आईला चहा करून पुरे झालं. एक म्हातारे गृहस्थ गाडीला चक्कर मारून आले आणि म्हणाले, "सर, ॲव्हरेज काय देती?"

"हिला ॲव्हरेज नसतं. रेंज असती."

"म्हंजी मोबाइलसारखी?"

"तसंच समजा."

"मंग आपल्याकडं न्हाय यायची," ते गंभीरपणे म्हणाले. आमच्या शेतात रेंज एवढी कमी, की फोनवर नीट बोलायचं तर बोअरजवळच्या दगडावर उभं राहावं लागतं.

रस्त्याची तर वेगळीच कथा. बांधावरची वाट काळ्या मातीची, मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या. पहिल्याच दिवशी गाडीचं पोट घासलं. अण्णांनी मुरूम टाकून घेतला. मग प्रत्येक गावापुढचे गतिरोधक. ते तिरपे ओलांडावे लागत, एक चाक आधी, एक नंतर. मागं ट्रॅक्टरवाला थांबलेला, त्याच्यामागं ऊस भरलेली गाडी, आणि पुढं अण्णा ती झुळझुळीत हिरवी गाडी गाभण गाय उतरवावी तशी उतरवतायत. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचे. मला सगळे ओळखतात तिथं.

आणि मग ओरखडे. आधी डाव्या दारावर एक. "फाटकाचा खांब पुढं आलाय," अण्णा म्हणाले. खांब आजोबांच्या वेळचा, दगडी. मग डावा आरसा मोडला. "त्या टेंपोवाल्याला अक्कल न्हाई." मग उजव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर चांगला हातभर चरा. "कुणीतरी मुद्दाम मारला." दर वेळी कुणीतरी दुसरंच दोषी. मी फोनवर ओरडायचे, ते फोन आईच्या हातात द्यायचे.

हे सगळं मला म्हातारपणचा हट्ट वाटत होतं. त्या दिवसापर्यंत.

मार्च महिना होता, शाळा सकाळची झाली होती. साडेअकराला शाळा सुटली आणि फाटकासमोर हिरवी गाडी. मला न सांगता अण्णा धाराशिवला आले होते. "जेवायला तुझ्याकडं येतो, चल, बस." पोरांचा गराडा, शिक्षक बघतायत. मी मान खाली घालून बसले. गाडी मुख्य रस्त्याला लागली. भाजी मंडईच्या वळणावर अण्णांनी डावीकडं वळवली आणि गाडीनं एकदम कर्कश टिणटिण सुरू केली. पट्टा छातीत रुतला आणि गाडी जागच्या जागी थांबली. माझ्या खिडकीपासून वीतभर अंतरावर कोथिंबिरीची पाटी घेतलेली एक बाई उभी होती. तिनं काचेवर थाप मारली. "डोळं फुटलं का रं?" असं म्हणून ती पुढं निघून गेली.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "आपोआप थांबती."

"अण्णा, तुम्हाला ती बाई दिसली होती?"

"दिसली की."

"पातळ कुठल्या रंगाचं होतं तिचं?"

"आता काय तू माझी परीक्षा घेतीस का?"

"हो. सांगा."

ते समोर बघत राहिले. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. मी माझा हात त्यांच्या डाव्या कानाच्या रेषेत धरला आणि बोटं हलवली. हात हळूहळू पुढं, पुढं आणत गेले. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "काढ तो हात."

अण्णांना मी स्टिअरिंगवरून उठवलं. गाडी मी चालवली नाही, माझी हिंमतच नव्हती. नवऱ्याला तिथंच बोलावून घेतलं, त्यानं घरी आणली. जेवणं झाल्यावर अण्णांनी स्वतःहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. जेवढी नजर गेली ती परत येत नाही, औषधानं राहिलेली टिकवायची. दिवसातनं दोन वेळा थेंब. आईला त्यांनी सांगितलं होतं, डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब आहेत.

"समोरचं सगळं नीट दिसतं," ते म्हणाले. "तुझ्या कपाळावरची टिकली दिसती. बाजूनंच कुणी पडदे ओढत आणल्यासारखं झालंय."

"आणि म्हणून तुम्ही गाडी घेतली?"

"हिला चारी बाजूंनी दिसतं. आठ कॅमेरे हायत. मला जे दिसत न्हाई ते ही बघती. नियमानं विचार कर, चुकतंय कुठं?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. विज्ञान शिकवलेला माणूस. डॉक्टरांनी सांगितलेलं बायकोपासून दोन वर्षं लपवतो, आणि त्यावर उपाय म्हणून म्हशी बाहेर काढून विमान आणून उभं करतो! मी पुष्कळ बोलले. नको ते पण बोलले. त्या बाईचं काही झालं असतं तर, असं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी मान खाली घातली. मी त्यांच्या खिशातलं गाडीचं चावीचं कार्ड काढून घेतलं आणि माझ्या पर्समधे टाकलं. नवऱ्यानं ते कार्ड घेऊन त्यांना त्याच गाडीतनं शेतावर पोचवलं आणि एसटीनं परत येऊन कार्ड मला दिलं. मला वाटलं, मिटलं.

पाचव्या दिवशी आईचा फोन. "गेले."

"कुठं गेले?"

"ईटला. मित्राकडं. गाडी घेऊन."

"कार्ड तर माझ्याकडं आहे!"

"मला काय माहीत. फोन दाखवला, दार उघडलं, गेले."

ती गाडी फोननंसुद्धा चालू होते, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी भावाला फोन लावला. गाडीचं सगळं खातं त्याच्या नावावर होतं. "अण्णांच्या फोनवरनं गाडी उघडणं बंद कर. आत्ता. पण ते ईटला पोचल्यावर. रस्त्यात नको."

"रस्त्यात बंद पडत नाही तशी, ताई. उतरले की परत उघडणार नाही."

"मग कर."

त्यानं केलं. केलं आणि बंगळूरच्या विमानात बसला. फोन बंद.

साडेबाराला अण्णांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, पण जरा बारीक. "गाडी बिघडली. दार उघडंना. माझे थेंब आत राह्यलेत. सकाळचे घालायचे राहून गेलेत."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, एसटीनं वाशीपर्यंत आणि तिथून वडापच्या जीपमधे दाटीवाटीनं ईटला पोचले. ऊन मी म्हणत होतं. पर्स छातीशी धरली होती, त्यात ते कार्ड. जीपमधे एक बाई शेजारणीला सांगत होती, "ईटला एक इमानासारखी गाडी उभी हाय, तिला कुलूप बसलंय." म्हणजे बातमी माझ्यापुढं पोचली होती.

अण्णांचे मित्र निवृत्त ग्रामसेवक. त्यांच्या घरापुढच्या लिंबाखाली गाडी होती आणि भोवती निम्मं गाव. कुणी म्हणत होतं काच फोडा, कुणी म्हणत होतं बॅटरीची पिन काढा. अण्णा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत. मी कार्ड लावलं, दार उघडलं, थेंबांची बाटली काढली. आतली हवा भट्टीसारखी, बाटली चांगलीच तापलेली. मी ती ओल्या रुमालात धरून थोडी गार केली आणि दिली. त्यांनी मान मागं टाकून थेंब घातले, डोळे मिटले. तसेच मिटलेले ठेवून म्हणाले,

"बिघडली नव्हती ना?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही. आम्ही बंद केली."

"कुणी?"

"दोघांनी."

ग्रामसेवक काका उठून आत गेले. त्यांना तेवढं समजलं. अण्णा म्हणाले, "त्या दिवशी बाई मधे आली तेव्हाच मी ठरवलं होतं, बंद करायचं. ईटला एकदा येऊन ह्याला गाडी दाखवायची आणि मग बंद. तू मागितली असतीस तर दिली असती."

"मी मागितली नाही?"

"हिसकलीस. खिशात हात घातलास माझ्या. जावयासमोर."

त्यांचं चुकलं होतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे. मंडईच्या वळणावर कुणाचा तरी जीव गेला असता. त्या दिवशीही 'एकदाच' म्हणून निघालेला हा माणूस वाटेत कुणाला धडकला असता तर? पण पासष्ट-सत्तर पोरांच्या वर्गात एकदाही कुणाच्या दप्तरात न विचारता हात न घातलेला मास्तर होता तो. मी म्हणाले, "खिशात हात घातला ते चुकलं." बाकीचं चुकलं असं मी म्हणाले नाही. काकूंनी ताक आणून दिलं, ते आम्ही प्यायलो.

गाडी परत न्यायची मीच. मला नवऱ्याची छोटी गाडी गावात चालवायची सवय, तीही भीत भीत. पंचवीस-तीस माणसं बघत असताना मी त्या खुर्चीत बसले. आवाज नाही, गिअर नाही, चालू आहे का बंद तेसुद्धा कळत नाही. "पाय हलका ठेव," अण्णा डाव्या बाजूनं म्हणाले. मी ठेवला, तरी गाडीनं असा झेप घेतल्यासारखा झटका दिला की माझं डोकं मागं आपटलं आणि गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या.

"हलका म्हणालो मी."

"हलकाच ठेवलाय!"

"आता सोडू नको एकदम. सोडलं की ब्रेक लागल्यासारखं होतं. गतिज ऊर्जा परत बॅटरीत जाती, तेव्हा..."

"अण्णा, शिकवू नका."

ते शिकवत राहिले. ईट ते घर, अख्खा रस्ता. गतिरोधक आला की, "तिरपी घे, तिरपी." मी तिरपी घेतली तर, "एवढी न्हाई." घरी पोचलो तेव्हा माझ्या मानेत लचक भरली होती. आई दारात उभी. तिला काचबिंदूचं मी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. तिनं अण्णांकडं बघितलं आणि म्हणाली, "गुडघ्याच्या ऑपरेशनला माझ्यासंगं दवाखान्यात बसलात सात दिवस. तवाच सांगायचं होतं, मी बी बसले असते." आणि आत गेली. त्या रात्री अण्णांशी ती बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांना त्याचंच जास्त लागलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं की आईला काय आणू.

गाडी विकायची ठरली. अण्णांनीच म्हटलं, विका. दोन गिऱ्हाइकं आली, एक लातूरचं, एक बार्शीचं. दोघांनाही अण्णांनी गोठ्यात उभं राहून तिचे सगळे दोष सांगितले. पोट किती ठिकाणी घासलंय, कुठला चरा कशानं पडला, आरसा कधी बदलला. चऱ्यांबद्दल आता खांबाचं आणि टेंपोवाल्याचं नाव नव्हतं, सरळ म्हणाले, "मला दिसलं न्हाई." लातूरच्या माणसानं चहासुद्धा पूर्ण घेतला नाही. मी म्हणाले, "अण्णा, विचारल्याशिवाय कशाला सांगता?" ते म्हणाले, "आधी न सांगितल्याबद्दल तूच बोललीस ना मला." यावर काय बोलणार?

त्यामुळं गाडी अजून आमच्याकडंच आहे, आणि ती चालवते मी. महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटली की शेतावर जायचं, अण्णांना घ्यायचं आणि सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यायचं. रोजचे थेंब घालायची जबाबदारी आईनं घेतली आहे. घड्याळ लावून घालते आणि घालताना बोलून घेते. डॉक्टरांनी मागच्या वेळी सांगितलं की नजर होती तिथंच थांबलेली आहे. अण्णांनी मान डोलावली आणि त्यांना गाडी बघायला खाली चला म्हणाले. डॉक्टरांना वेळ नव्हता. मला फार बरं वाटलं.

या प्रवासाची मला आवड लागली असं कुणी समजू नये. हायवेवरच्या हॉटेलाबाहेर चार्जर आहे, त्याच्यासमोर नेहमी कुणाची तरी गाडी लावलेली असते आणि तिचा मालक आत जेवत असतो. त्याला शोधायचं. मग मशीन ॲप मागतं, ॲप ओटीपी मागतं, ओटीपी पुण्यात भावाला जातो, भाऊ मीटिंगमधे असतो. परवाच्या शनिवारी हे सगळं पार पडल्यावर मी मागच्या सीटवर सहामाहीचे पेपर काढून बसले. बाहेर अण्णा दोन ट्रकवाल्यांना एसी आणि डीसीमधला फरक सांगत होते. सांगताना मान वळवून वळवून बघत होते, आधी या ट्रकवाल्याकडं, मग त्या. एकानं प्रश्न विचारला, त्याला आधी शाबास म्हणाले आणि मग उत्तर दिलं.

थोड्या वेळानं काचेवर टकटक. "चल, ऐंशी टक्के झालं. पुढचं फार सावकाश भरतं, वेळ वाया जातो."

माझे सात पेपर राहिले होते. "थांबा," मी म्हणाले.

ते पुढं येऊन बसले, दार लावलं आणि चक्क गप्प राहिले. मी दीड पेपर तपासला. मग ते म्हणाले, "तो तिसरा प्रश्न बघू. काय लिहिलंय पोरानं?"

"अण्णा, मराठीचा पेपर आहे."

"असू दे की. वाच."

मी वाचला. पोरानं सगळं चुकीचं लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, अर्धा मार्क द्यायला हरकत नाही. मी म्हणाले, अजिबात नाही. तुळजापूर मागं पडलं तरी आमचा वाद चालूच होता.